निम्फोमाइया: तोंड नाही, शिरा नाहीत, तरी 'आद्य' माशी?

ओढ्याकाठी

द्विपंखी कीटकांच्या गणात, म्हणजे डिप्टेरात, आजवर दीड लाखांहून जास्त जातींना नावं मिळाली आहेत. डास, घरमाशी, फळमाशी, घोडमाशी, केमरं अशी सगळी मंडळी त्यातलीच. या गर्दीत एक जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, असा आहे की त्याच्या हयात जाती दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपतात, आणि तरी त्याच्यासाठी एक अख्खं कुळ राखून ठेवलेलं आहे. जीनस निम्फोमाइया, कुळ निम्फोमायिडी. या कुळात आज दुसरा जीनस नाहीच.

नुसतं वर्णन वाचलं तर कुणीतरी थट्टा करतंय असं वाटेल. लांबी साधारण दोन मिलिमीटर. रंग फिकट, काही जातींत जवळजवळ पांढरा. पंख अरुंद आणि लांबट, त्यांतल्या शिरा नावापुरत्या, कडेला मात्र लांब केसांची दाट झालर. मिशा आखूड. संयुक्त डोळे डोक्याच्या खालच्या अंगाला एकमेकांना भिडलेले. तोंडाचे अवयव इतके खुरटलेले की प्रौढ माशी काहीच खात नाही.

१९३२ साली मासाआकी तोकुनागा यांनी जपानमधून हिचं वर्णन केलं आणि निम्फोमाइया आल्बा असं नाव दिलं. पुढे तीसेक वर्षं हे जपानातलं एकुलतं एक आश्चर्य होतं. मग १९६५ मध्ये आयडी या कॅनडाच्या कीटकशास्त्रज्ञाने तिथल्या पूर्व भागातून दुसरी जात जाहीर केली, पॅलिओडिप्टेरॉन वॉकेराय या नावाने. १९७० मध्ये कटन आणि केवन यांनी एकाच लेखात दोन बातम्या दिल्या: नोव्हा स्कोशियात वॉकेरायची अळी सापडली, आणि भारतातून, हिमालयातून, एक नवा जीनस आणि नवी जात मिळाली, फेलिसिटोमाइया ब्रुंडिनाय. नंतर रशियाच्या अतिपूर्वेकडूनही जाती आल्या. १९९४ मध्ये ग्रेगरी कोर्टनी यांनी हे तिन्ही जीनस मोडून एकच निम्फोमाइया ठेवला आणि दोन नव्या जातींची भर घातली, एक अमेरिकेच्या दक्षिण अ‍ॅपलाचियन डोंगरांतली आणि एक हाँगकाँगची.

आता माझी शंका. जिथे तिथे हिला 'आद्य', 'आदिम', 'पुरातन' माशी म्हटलेलं आढळतं. आयडी यांच्या लेखाच्या शीर्षकातही तसाच शब्द आहे. पण जिचं तोंड गेलं, शिरा गेल्या, डोळे सरकून खाली आले, ती आदिम कशी? माझ्या मते ही माशांच्या जगातल्या सगळ्यात जास्त बदललेल्या मंडळींपैकी एक आहे. जाणकारांनी लिहावं.

नुसतीवाचक

पहिल्यांदाच नाव ऐकलं. दोन मिलिमीटरचा जीव जपान, कॅनडा आणि हिमालय इतका लांब पसरला कसा? उडत तर गेला नसणार!

भिंगवाली

@नुसतीवाचक, उडत नाहीच. पूर्व आशिया आणि पूर्व उत्तर अमेरिका यांच्यात विभागलेले जीव पुष्कळ आहेत, विशेषतः झाडांमध्ये. मॅग्नोलिया आणि ट्युलिप वृक्ष ही नेहमीची उदाहरणं. एके काळी उत्तर गोलार्धात सलग दमट जंगलं होती, पुढे हवामान थंड आणि कोरडं होत गेलं, आणि मधले दुवे तुटले. निम्फोमाइयाच्या बाबतीत हा नुसता तर्क नाही. बाल्टिक आणि बिटरफेल्डच्या अंबरमध्ये, म्हणजे झाडांच्या अश्मीभूत राळेत, तिचे जीवाश्म मिळाले आहेत आणि २००० साली त्यांचं वर्णन झालं. म्हणजे आज जिथे ती आढळत नाही त्या युरोपातही ती होती.

ओढ्याकाठी, धागा छान काढलात. तुमच्या शंकेवर सविस्तर लिहिते, पण आधी हिचं आयुष्य कसं चालतं ते बघू. त्याशिवाय शंकेचं उत्तर नीट लागणार नाही.

अळी राहते कुठे? डोंगरातल्या लहान, थंड, खळाळत्या ओढ्यांच्या उगमाकडच्या टप्प्यात, दगडांवर वाढणाऱ्या पाणमॉसमध्ये. तिचीही लांबी दोनेक मिलिमीटर, अंग सडपातळ, आणि पोटाला आभासी पायांच्या, म्हणजे बिनसांध्याच्या मांसल पायांच्या, आठ जोड्या. प्रत्येक पायाच्या टोकाला बारीक नख्या. मॉसच्या पानांमधून ती या नख्यांनी धरत धरत चालते. खाणं म्हणजे डायटम आणि बारीक शैवाल. श्वासरंध्रं उघडी नसतात, पाण्यातला प्राणवायू सरळ त्वचेतून घेते. म्हणूनच थंड, फेसाळतं पाणी लागतं, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो.

कोषही तिथेच, मॉसमध्ये. आणि पुढचा भाग खरा विलक्षण आहे. कोर्टनी यांनी अ‍ॅपलाचियन जातीचं, निम्फोमाइया डोलिकोपेझाचं, जे निरीक्षण नोंदवलं आहे ते असं: नर-मादी जुळलेल्या अवस्थेतच पाण्यात उतरतात. पंख बुडापासून तुटून पडतात. बिनपंखी जोडी पाण्याखाली दगडावरून चालत योग्य जागा शोधते. तिथे मादी अंडी घालते, ती जोडीच्या भोवती वर्तुळात लागतात, आणि दोघंही तशीच, एकमेकांना जुळलेली, तिथेच मरतात. अंड्यांच्या मधोमध आईबाप.

टिवल्याबावल्या

सात जन्मांची गाठ ऐकली होती, पण ही माशी एकाच जन्मात सगळं उरकते :)

चिकित्सकबुवा

विनोद बाजूला ठेवू. मला पंखांबद्दल विचारायचंय. कडेला केसांची झालर असलेले अरुंद पंख तर फुलकिड्यांनाही असतात. मग ही माशीच आहे हे कशावरून? उद्या कुणी म्हणेल फुलकिडा पाण्यात पडला होता.

भिंगवाली

बुवा, फुलकिड्यांना पंखांच्या दोन जोड्या असतात. निम्फोमाइयाला एकच जोडी आहे आणि मागच्या जोडीच्या जागी संतुलक आहेत, म्हणजे गाठ असलेल्या त्या बारीक दांड्या. फुलकिड्यांमध्ये खरी कोषावस्थाही नसते. अळी, कोष, प्रौढ असा पूर्ण कायापालट, अळीला सांधेदार पाय नाहीत, प्रौढाला संतुलक. एवढं जमलं की माशी.

पंखपुराण

झालरीबद्दल माझी दोन पैशांची भर.

हा पंख इतक्या वेगवेगळ्या गटांत स्वतंत्रपणे आलाय की त्यावरून नातं ठरवायला गेलं तर फसगत होईल. फुलकिडे, मायमॅरिडी कुळातल्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाशा, टिलिडी कुळातले सूक्ष्म भुंगेरे आणि निम्फोमाइया. एकमेकांचे जवळचे नातेवाईक कुणीच नाहीत. समान आहे ते फक्त आकारमान.

कारण हवेचं वागणं. वस्तू जितकी लहान आणि हळू, तितकी हवा तिला चिकट वाटते. याचं माप म्हणजे रेनॉल्ड्झ संख्या. प्रवासी विमानाच्या पंखासाठी ती कोट्यवधीत असते, फुलकिड्याच्या पंखासाठी दहाच्या आसपास. एवढ्या कमी संख्येला प्रत्येक केसाभोवती हवेचा जाड थर धरला जातो आणि शेजारच्या केसाच्या थराला जाऊन मिळतो. केसांच्या फटीतून हवा जवळजवळ निसटतच नाही. म्हणजे झालर सलग पडद्याचं बरंचसं काम करते आणि वजन अगदीच कमी. मग पडदा ताणून धरायला जाड शिरा कशाला हव्यात? त्या गळून जातात. शिरा नाहीत म्हणून पंख जुना, हा तर्क इथेच बाद होतो.

ओढ्याकाठी

@पंखपुराण, हेच हवं होतं. म्हणजे शिरा नसणं हा पुराणेपणा नाही, लहान होण्याची ती किंमत आहे.

अश्मयुगी

मग खरोखर जुन्या माशीचा पंख कसा होता ते मी सांगतो.

माशांचे सगळ्यात जुने जीवाश्म मध्य ट्रायासिक काळातले, सुमारे २४ ते २५ कोटी वर्षांपूर्वीचे. फ्रान्सच्या व्होज भागातून ग्राउव्होजेलिया नावाची माशी मिळाली, तिचं वर्णन १९९४ चं. तिच्या पंखात शिरांचं नीट जाळं आहे. आजच्या माशांत टॅनिडेरिडी कुळाकडे बघा: त्यांच्या पंखात रेडियस या शिरेच्या पाचही शाखा थेट कडेपर्यंत पोचतात. बाकी जवळपास सगळ्या माशांनी त्यातल्या एक-दोन तरी गमावल्या. 'आदिम पंख' हवा असेल तर टॅनिडेरिडीकडे जा. निम्फोमाइयाकडे दाखवण्यासारखं काही उरलेलंच नाही.

अळ्यांचंही तेच. २०२३ मध्ये मायोर्का बेटावरून २४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या माशीच्या अळीचं वर्णन झालं, आजवरची सगळ्यात जुनी. तिला बाहेरची हवा घेण्यासाठी श्वासरंध्रं आहेत. त्वचेतून श्वास घेणारी, मॉसमधली निम्फोमाइयाची अळी हा नंतरचा, खास धंदा दिसतो.

चिकित्सकबुवा

इथे थोडा वाद घालतो. तुम्ही सगळे मिळून हिला 'आद्य' पदावरून खाली खेचताय. पण २०११ साली ब्रायन वीगमन आणि सहकाऱ्यांचा जो मोठा लेख आला त्यात माशांची १४९ कुळं घेतली होती, जनुकं आणि शरीररचना दोन्ही तपासली होती, आणि वंशवृक्षात सगळ्यात आधी वेगळी झालेली दोन कुळं निघाली: पहिलं ड्युटेरोफ्लेबिडी आणि दुसरं निम्फोमायिडी. मग 'आद्य' म्हणण्यात चूक काय? विज्ञानच म्हणतंय.

भिंगवाली

बुवा, लेख बरोबर सांगितलात. निष्कर्षात घसरलात.

शाखा आधी फुटली याचा अर्थ तो जीव आधीसारखाच राहिला असा होत नाही. भावाभावांत वाटणी होऊन जो सगळ्यात आधी वेगळा निघाला, त्याची नातवंडं पणजोबांसारखी धोतर-पागोटं घालून हिंडत नाहीत. त्यांच्याही घरात तितक्याच पिढ्या गेल्या, तितकेच बदल झाले. निम्फोमाइयाची वंशरेषा घरमाशीच्या वंशरेषेइतकीच जुनी आहे, कारण दोघी त्याच फाट्यावरून निघाल्या. फरक एवढाच की घरमाशीच्या बाजूला लाखभर जाती आहेत आणि हिच्या बाजूला मूठभर. मूठभर आहेत म्हणून त्या आपल्याला अवशेष वाटतात.

'आधी फुटलेली शाखा' आणि 'आदिम शरीर' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्फोमाइयावर लिहिणारे बरेच लोक त्या एकत्र कालवतात. तोकुनागांच्या काळात हे समजण्यासारखं होतं, आज नाही. शरीरात एखादं लक्षण जुनं असेलही, पण प्रत्येक लक्षण एकेक करून तपासावं लागतं.

अश्मयुगी

हा कालवाकालवीचा प्रकार कुठवर गेला होता बघा. रशियाचे बोरिस रोहडेनडॉर्फ हे जीवाश्म माशांमधले फार मोठे नाव. त्यांनी अख्ख्या डिप्टेरा गणाचे दोन उपगण पाडले: एका बाजूला आर्किडिप्टेरा, त्यात काही ट्रायासिक जीवाश्म आणि निम्फोमाइया, दुसऱ्या बाजूला युडिप्टेरा, त्यात उरलेल्या सगळ्या माशा. म्हणजे डास आणि घरमाशी एका पारड्यात आणि ही दोन मिलिमीटरची बाई एकटी दुसऱ्या पारड्यात! आज ती विभागणी कुणी वापरत नाही.

ओढ्याकाठी

आणि १९८९ मध्ये वुड आणि बोर्केंट यांनी उलटंच केलं ना? त्यांनी ब्लेफॅरिसेरिडी, ड्युटेरोफ्लेबिडी आणि निम्फोमायिडी ही तिन्ही वाहत्या पाण्याची कुळं एका गटात बांधली, ब्लेफॅरिसेरोमॉर्फा. तिथे हिला एकटेपणाचा मान राहिला नाही.

भिंगवाली

हो, आणि कोर्टनींचाही कल त्याच गटाकडे होता. अळ्यांचे आभासी पाय आणि त्यांवरच्या नख्या हा त्यातला मोठा पुरावा. त्यावर आक्षेप सोपा आहे: तिघांच्याही अळ्या जोराच्या पाण्यात दगडाला धरून राहतात, म्हणजे सारख्या गरजेतून सारखी अवजारं आली असतील. जनुकांच्या बाजूनेही आक्षेप आहेच. ज्या वंशरेषा फार काळ एकट्या राहिल्या आणि ज्यांची जनुकं पुष्कळ बदलली, त्यांच्यात योगायोगानेही जुळणारी अक्षरं वाढतात. मग संगणकी वृक्षात अशा लांब फांद्या एकमेकींकडे, किंवा तुलनेसाठी घेतलेल्या बाहेरच्या गटाकडे, खेचल्या जातात. माशांसाठी बाहेरचा गट म्हणजे विंचूमाशा आणि पिसवा. निम्फोमाइया बुंध्याजवळ दिसते त्यात या खेचाखेचीचा वाटा असू शकतो. त्यामुळे २०११ चा वृक्ष मला वजनदार वाटतो, पण मी त्यावर शपथ घेणार नाही.

नुसतीवाचक

ड्युटेरोफ्लेबिडी हे नाव दोनदा आलं. ती कोण?

ओढ्याकाठी

तिच्यावर खरं तर वेगळा धागा हवा. थोडक्यात: पहाडी ओढ्यांतली आणखी एक तोंड नसलेली माशी. जीनस एकच, ड्युटेरोफ्लेबिया. एडवर्ड्स यांनी १९२२ मध्ये काश्मीरमधून तिचं पहिलं वर्णन केलं, जात मिराबिलिस. म्हणजे माशांच्या वंशवृक्षाच्या बुंध्याशी धरल्या जाणाऱ्या दोन्ही कुळांचे प्रतिनिधी हिमालयात आहेत, आणि त्यातल्या एका कुळाची तर ओळखच तिथे झाली. दिसायला मात्र दोघींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. ड्युटेरोफ्लेबियाचे पंख रुंद, पंख्यासारखे पसरट, त्यांवर घड्यांचं जाळं. नराच्या मिशा अंगाच्या कित्येक पट लांब. प्रौढाचं आयुष्य जेमतेम काही तासांचं, नर सकाळी पाण्याच्या खळाळावरून घिरट्या घालतात आणि संपतात.

एकीचे पंख अतिरुंद, दुसरीचे अतिअरुंद. दोन्ही 'आद्य' असतील तर आद्य पंख नेमका कुठला?

पंखपुराण

शेवटचा प्रश्न आवडला. पंखांवरच्या त्या घड्या कोषात पंख पूर्ण आकाराचे तयार होऊन दुमडलेले असतात त्याच्या खुणा आहेत. माशी बाहेर पडली की पंख उलगडतात आणि ती लगेच उडते. बहुतेक कीटकांना कोषातून निघाल्यावर पंख फुगवून वाळवत बसावं लागतं. जोराच्या पाण्याच्या काठी तेवढी उसंत कुठे?

चिकित्सकबुवा

ठीक, 'आदिम शरीर' हा शब्द मी मागे घेतो. पण मग इतकी लक्षणं एकदम गळाली कशी? तोंड, शिरा, आयुष्यही.

भिंगवाली

ती एकमेकांशी बांधलेली आहेत म्हणून. सगळं खाणं अळीच्या अवस्थेत उरकलं की प्रौढाला तोंड नको. तोंड नाही म्हणजे आयुष्य थोडं. आयुष्य थोडं म्हणजे उड्डाण जोडीदार मिळेपर्यंतच, आणि पुढे पाण्याखाली जायचं तर पंख अडचणच. हीच साखळी दुसऱ्या ठिकाणी बघायची असेल तर क्लुनिओ बघा, समुद्रकाठचा कायरोनोमिडी कुळातला (डासासारख्या पण न चावणाऱ्या माशांच्या कुळातला) जीव. ओहोटीच्या वेळी बाहेर पडतो, मादीला पंख नाहीत, प्रौढाचं आयुष्य काही तासांचं. त्याला आदिम म्हणायचं कुणाच्या मनातही येत नाही, कारण तो कायरोनोमिडीच्या अगदी आत बसतो हे पक्कं माहीत आहे. क्लुनिओ जर एकटा, नातेवाईकांवाचून सापडला असता, तर त्याच्याही नावावर एखादा उपगण निघाला असता!

टिवल्याबावल्या

मला एवढंच कळलं की नातेवाईक कमी असले की माणूस ऋषी ठरतो.

रानवाट

उशिरा आलो. ओढ्यांतले कीटक गोळा करतो, हौशी आहे. ही अळी शोधायची तर कशी? आणि कायरोनोमिडच्या अळ्यांतून वेगळी कशी काढायची? मॉस धुतला की त्या शेकड्याने निघतात.

भिंगवाली

@रानवाट, पहिली अडचण जाळ्याची. ओढ्यांच्या पाहणीत नेहमी ५०० मायक्रॉनचं जाळं वापरतात आणि इतकी सडपातळ अळी त्यातून सहज निसटते. बऱ्याच ठिकाणी ती असूनही नोंदली गेली नसणार. जाळं विसरा. उगमाकडच्या थंड पाण्यातल्या दगडावरचा मॉस मुठीने काढा, पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घेऊन पिळून, चोळून धुवा, आणि ते पाणी १०० मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक चाळणीतून गाळा. पुढे स्टिरिओ सूक्ष्मदर्शक आणि सबुरी.

ओळख सोपी आहे. कायरोनोमिडच्या अळीला आभासी पायांची एक जोडी डोक्यामागे पहिल्याच वक्षखंडावर आणि एक अगदी शेवटी, मधलं अंग मोकळं. निम्फोमाइयाला वक्षावर एकही नाही आणि पोटावर ओळीने आठ जोड्या, टोकाची धरून. एकदा पाहिलीत की गल्लत होणार नाही. कोष आणि पंख झडलेले प्रौढही त्याच मॉसमध्ये आणि दगडांवर बघा. वेलबुट्टीसारखं गोल मांडलेलं अंड्यांचं कडं आणि मध्ये जोडी दिसली तर दगडासकट फोटो काढा, लगेच खरवडू नका.

ओढ्याकाठी

आणि फक्त एका दगडावरचा थोडाच मॉस घ्या. उगमाकडचा ओढा वीतभर रुंदीचा असतो, सगळा खरवडला तर तिथली वस्तीच जाईल.

अश्मयुगी

नमुने मिळाले तर सगळे एकाच बाटलीत नकोत. काही ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, डीएनएसाठी. पण तीव्र अल्कोहोलमध्ये मऊ अंग आक्रसून ठिसूळ होतं, म्हणून शरीररचना बघायला काही ७०-८० टक्क्यांत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका: जागा, उंची, तारीख आणि पाण्याचं तापमान. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते.

रानवाट

चाळणी ५०० चीच होती, बदलतो. कायरोनोमिड समजून बाजूला ठेवलेल्या मॉसमधल्या जुन्या बाटल्या आहेत, आधी त्याच उघडतो.